सुपरमार्केटमध्ये इतर ग्राहकांचं कोणतं वागणं तुम्हाला सर्वांत जास्त खटकतं? अशा वेळी तुम्ही त्यांना काही बोलता का?

नाशिकच्या एका सुपरमार्केटमध्ये मी काही वर्षं नोकरी केली. आधी भाजी-फळांच्या काट्यावर होते, नंतर बिलिंगला. आता नोकरी दुसरी आहे, पण महिन्याचा किराणा भरायला अशाच दुकानात जाते. त्यामुळे हा प्रश्न मी काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभं राहून पाहिलाय.

रांगेत घुसणं, दोन रॅकच्या मधल्या अरुंद वाटेत ट्रॉली आडवी लावून गप्पा मारणं, ही तक्रार सगळेच करतात आणि ती रास्त आहे. पण मला सर्वांत जास्त राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. घेतलेली थंड वस्तू नको झाली की हाताशी येईल त्या रॅकवर ठेवून लोक निघून जातात, त्याचा.

होतं असं की आत शिरल्या शिरल्या कोणीतरी पनीर आणि फ्रोझन मटार ट्रॉलीत टाकतं. फिरता फिरता बेत बदलतो, किंवा बिल जास्त होईल असं वाटतं. तोवर फ्रीजर दुकानाच्या दुसऱ्या टोकाला राहिलेला असतो. मग पनीर जातं साबणाच्या वड्यांमागे आणि मटार पोह्यांच्या पाकिटांवर. फ्रोझन माल उणे १८ अंशांवर ठेवायचा असतो, दूध-पनीर ५ अंशांच्या खाली. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात. आम्हाला ते पाकीट सापडतं तेव्हा ते तिथे पाच मिनिटांपूर्वी ठेवलंय की तीन तासांपूर्वी, हे सांगायला कोणी नसतं. वरून पाकीट चांगलं दिसतं, तारीखही पुढची असते, तरी ते टाकावंच लागतं. नवखा मुलगा असला आणि त्याने ते न बघता परत फ्रीजमध्ये सरकवलं, तर आणखीच वाईट. ते पनीर मग कोणाच्या तरी लहान मुलाच्या डब्यात जाणार.

रात्री दुकान बंद होण्याआधी आम्ही बास्केट घेऊन एक फेरी मारायचो, अशा भलतीकडे पडलेल्या वस्तू गोळा करायला. शाळेच्या दप्तरांमधे दह्याचा डबा, खेळण्यांच्या रॅकवर चिकन सॉसेज, बिस्किटांच्या मागे अर्धं खाऊन परत गुंडाळून ठेवलेलं चॉकलेट. एकदा चादरींच्या घड्यांमधे आइस्क्रीमचा फॅमिली पॅक सापडला होता. पूर्ण पाणी झालेलं, पुठ्ठा भिजून फाटलेला आणि खालच्या तीन-चार चादरींवर गुलाबी चिकट डाग. पगाराच्या आठवड्यात आणि दिवाळीच्या गर्दीत तर एका बास्केटने भागायचं नाही. त्यातला कोरडा माल परत जागेवर जायचा. दूध, दही, पनीर, मटार, मांस मात्र सरळ कचऱ्यात. चांगलं, न उघडलेलं अन्न स्वतःच्या हाताने काळ्या पिशवीत भरताना पोटात कालवायचं. आमच्यातल्या बऱ्याच मुलींच्या घरी पनीर सणावारीच यायचं.

लोकांना वाटतं, एवढं मोठं दुकान, त्यांना काय फरक पडतो! फरक पडतो. त्या नुकसानीचा हिशोब लागतो आणि सुपरवायझर त्या त्या विभागातल्या पोरांनाच विचारतो. बरं, उपाय इतका सोपा आहे की त्याला उपाय म्हणायचंही कारण नाही. बिलिंगला आल्यावर ‘हे नको’ एवढं म्हणून वस्तू काउंटरवर द्यायची. कोणी कारण विचारत नाही, कोणी तोंड वाकडं करत नाही. माझ्या काउंटरवर असं कोणी दिलं की मी लगेच हाक मारून ते फ्रीजकडे पाठवायचे आणि मनातून त्या माणसाचे आभार मानायचे.

दुसरा नंबर भाजीचा. भेंडी कोवळी आहे का बघायला टोक मोडायची आपल्याकडे घरोघरी सवय आहे. मंडईत चार भेंड्या मोडून पाव किलो घेतली तर भाजीवाली ओरडते तरी. सुपरमार्केटमध्ये ओरडणारं कोणी नाही, म्हणून लोक वीस भेंड्या मोडतात आणि पुढे जातात. मोडलेलं टोक काही तासांत काळं पडतं, मग ती भेंडी कोणीच उचलत नाही. दुधी भोपळ्याला नख रुतवून बघतात, संध्याकाळपर्यंत तिथे तपकिरी चंद्रकोरी उमटलेल्या असतात. मक्याचं कणीस अर्ध्यापर्यंत सोलून परत ठेवतात, दाणे सुकून सुरकुततात. मटाराच्या शेंगा तिथेच फोडून खातात आणि टरफलं ट्रेमध्येच. भाजी पारखून घ्यावी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. भेंडी बोटांत धरून हलकी वाकवली तरी कोवळेपणा कळतो, दुधी हातात घेतला की वजनावरून आणि सालीच्या तजेल्यावरून कळतो. त्यासाठी त्याला जखम करायची गरज नसते.

द्राक्षांचं तर मला नाशिककर म्हणून जास्तच लागतं. निफाड, दिंडोरीकडे माझे नातेवाईक बागवाले आहेत. मणी लहान असताना बायका दिवसदिवस उभ्या राहून कात्रीने घडांची विरळणी करतात, म्हणजे उरलेल्या मण्यांना फुगायला जागा मिळते. काढणीच्या वेळी घड देठाला धरूनच उचलायचा, मण्यांवरची पांढुरकी भुकटी पुसली जाऊ नये म्हणून. असा सांभाळलेला घड दुकानात येतो आणि येणारा-जाणारा त्यातून मणी खुडत जातो. मणी ओढला की देठाच्या टोकाला ओलसर गराचा तंतू राहतो. तिथे बुरशी धरते आणि शेजारचे मणीही खराब व्हायला लागतात. संध्याकाळी निम्मा ट्रे विद्रूप झालेला असायचा. गोड आहेत का ते बघायचंय ना, काट्यावरच्या मुलीला विचारा. ती सुटे झालेले दोन मणी हातावर ठेवेल. आणि बेदाणे-शेंगदाण्यांच्या उघड्या पेटीत पळी ठेवलेली असताना हात घालून मूठ भरणाऱ्यांना तर मला थेट विचारावंसं वाटतं, की तुमच्या घरच्या डब्यात असा परक्याचा हात चालेल का?

पूर्वी वाण्याच्या दुकानात हा प्रश्नच नव्हता. माल गल्ल्याच्या पलीकडे, आपण यादी सांगायची, तो काढून देणार. १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये क्लॅरन्स सॉन्डर्स यांनी ‘पिग्ली विग्ली’ नावाचं दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाने आत फिरून स्वतः माल उचलायची पद्धत तिथून रुजली. १९३७ साली ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने चाकाची ट्रॉली आणली. माल उचलायचं काम असं नोकराकडून गिऱ्हाइकाकडे आलं. त्याबरोबर माल नीट हाताळायचं, नको असेल तर जागेवर ठेवायचं कामही आलं, पण ते आपण घेतलंच नाही. त्याच्यासाठी अजूनही कोणीतरी मागून यावं अशी अपेक्षा असते.

बिलिंगच्या रांगेबद्दल थोडक्यात सांगते. रिकामी ट्रॉली घेऊन एकाने रांगेत उभं राहायचं आणि घरच्यांनी एकेक वस्तू आणून टाकत राहायचं, हा मागच्यांवर अन्याय आहे. काट्यावर वजन-किमतीचं स्टिकर लावून झाल्यावर पिशवीत आणखी दोन बटाटे घालणं ही चोरीच, आणि सापडली की काट्यावरच्या मुलीची चौकशी होते. सगळं स्कॅन होऊन रक्कम सांगितल्यावर मगच फोन बाहेर काढायचा, नवऱ्याला फोन करून पिन विचारायचा, हेही टाळता येतं. कॅरीबॅगचे पैसे का, म्हणून भांडायचं असेल तर मॅनेजरशी भांडा. काउंटरवरच्या मुलीने तो नियम केलेला नसतो.

काउंटरवर असताना मला स्वतःला सर्वांत जास्त बोचायचं ते मात्र हाक मारणं. ‘ए’, ‘शुक शुक’, चुटकी. माझ्याच वयाच्या बायका मला ‘ए मुली’ म्हणायच्या आणि बोलताना कानाला फोन तसाच. समोरच्या माणसाकडे न बघता कार्ड पुढे सरकवायचं. बहुतेक दुकानांत ही मुलं-मुली आठ-नऊ तास उभी असतात. दुकानातल्या कर्मचाऱ्यांना बसायला आसन द्यायलाच हवं, असा कायदा केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये केला. केरळमध्ये तो झाला तो त्यासाठी लढणाऱ्या बायकांमुळे. संध्याकाळी सात वाजता पोटऱ्या भरून आलेल्या मुलीला ‘किती हळू करतेस गं’ म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावं एवढंच वाटतं.

काही गोष्टी उगाच या यादीत घातल्या जातात, त्या मला पटत नाहीत. मागची दुधाची पिशवी काढून तारीख बघणं हा ग्राहकाचा हक्क आहे. फक्त पुढच्या पिशव्या बाहेर काढून तशाच ठेवू नका. आणि दूध आजच संपणार असेल तर पुढचीच घ्या, नाहीतर ती चांगली पिशवी उद्या टाकावी लागते. रडणारं मूल घेऊन आलेली आई, सुट्टे पैसे मोजून देणारे आजोबा, चष्मा घरी राहिला म्हणून ‘बाळा, यावर किंमत काय लिहिलीय?’ विचारणाऱ्या आजी, यांचा मला कधीही त्रास वाटला नाही. त्यांच्या मागे उभं राहून मोठ्याने सुस्कारे सोडणाऱ्यांचा वाटायचा.

आता, बोलते का? हो, बोलते. रांगेत कोणी घुसलं तर ‘दादा, रांग तिकडून आहे’ एवढंच. बहुतेक जण मुकाट मागे जातात. अन्नाच्या बाबतीत तर मी गप्प बसतच नाही. कोणी पनीर डिटर्जंटच्या रॅकवर ठेवताना दिसलं की म्हणते, ‘ताई, नको असेल तर माझ्याकडे द्या, मी त्याच बाजूला चाललेय.’ दहातल्या आठजणी ओशाळून देतात, काही स्वतः नेऊन ठेवतात. क्वचित कोणी म्हणतं, ‘तुमचं दुकान आहे का?’ त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पाकीट उचलते आणि तिथल्या मुलाकडे किंवा मुलीकडे देते. देताना ‘आत्ताच ठेवलंय, माझ्यासमोर’ हे आवर्जून सांगते, कारण तेवढं कळलं तर ते पनीर परत फ्रीजमध्ये ठेवता येतं.