अमेरिकेतले जुने वातकुक्कुट, म्हणजे छपरावर फिरून वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या आकृत्या, शोभेसाठी जमवायचे असतील तर सुरुवात कशी करावी? तांब्यावरचा हिरवा थर घासून काढावा का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. घासू नका. चिंच नको, लिंबू-मीठ नको, बाजारातली पावडर तर मुळीच नको. मऊ, कोरड्या फडक्याने धूळ टिपा आणि बाजूला व्हा.

इतकं ठासून सांगते, कारण माझ्या घरात हे घडून गेलेलं आहे.

मी पुण्याच्या तांबट आळीतली. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. त्यांनी चाळीस वर्षांहून जास्त काळ हंडे, घागरी, बंब घडवले. लग्नानंतर मी मॅसॅच्युसेट्सला आले. इथल्या खेड्यांतून गाडीने जाताना कोठारांच्या छपरांवर घोडे, कोंबडे, गायी दिसायच्या. आधी भूगोलाच्या पुस्तकातलं वातकुक्कुटाचं चित्र आठवलं. पण एकदा जवळून पाहिला तेव्हा नानांचं दुकानच आठवलं. तांब्याचा पातळ पत्रा, आतून पोकळ, दोन बाजू वेगवेगळ्या ठोकून कडेने डाख दिलेला. इथले कारागीर आधी लाकडात नमुना कोरून घेत, त्यावरून ओतीव साचा करत आणि साच्यात पत्रा ठोकून बसवत. नाना साच्याशिवाय मेखेवर ठोकायचे, एवढाच काय तो फरक. बॉस्टनजवळच्या वॉल्थममध्ये 1850 च्या दशकात अ‍ॅल्विन ज्युएलचा असा कारखाना होता. 1867 मध्ये तो उंचावरून पडून गेला. मग कुशिंग आणि व्हाइट या दोघांनी त्याचा धंदा विकत घेतला. आज लिलावात ज्या नावांवर उड्या पडतात त्यांतलं हे एक.

2011 मध्ये एका शेतावरच्या जुन्या घरातलं सामान विक्रीला निघालं होतं. तिथे मला एक घोडा मिळाला. पुढचा एक पाय उचललेला, शेपटीच्या मुळाशी बंदुकीच्या गोळीचं भोक, मागचा भाग हिरवा, पुढचा राखाडी. कानांच्या आत आणि मानेच्या घडीत पिवळ्या रंगाचा थर आणि त्यावर सोन्याच्या वर्खाचे कण शिल्लक होते. विकणारा म्हणाला, अख्खा तांब्याचा आहे, पुढे कुणीतरी कधीतरी राखाडी रंग दिला असेल. 1,400 डॉलर मोजले आणि घरी आणून दिवाणखान्यात ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात नाना आले. त्यांना मी मुद्दाम बॉस्टनला फॅन्युइल हॉल या जुन्या सभागृहावरचा नाकतोड्याच्या आकाराचा वातकुक्कुट दाखवायला नेलं. 1742 साली शेम ड्राउनने घडवलेला, सोन्याचा मुलामा असलेला, काचेच्या डोळ्यांचा. हा ड्राउन तांबटच. नाना टोपी हातात धरून, मान वर करून कितीतरी वेळ उभे होते. "पाय कसे जोडलेत ते खालून दिसत नाही," एवढंच म्हणाले. घरी येईपर्यंत तेच मनात घोळत होतं त्यांच्या.

तीन दिवसांनी मी कामावरून आले तर पोर्चमध्ये वर्तमानपत्रं अंथरून नाना बसलेले. बाजूला वाडग्यात चिंचेचा कोळ आणि मीठ, हातात नारळाची शेंडी. घोड्याची डावी बाजू मागच्या पायापासून पोटापर्यंत लालबुंद झाली होती. मानेच्या घडीतला वर्ख गेला होता. मी दारातच किंचाळले. वडिलांशी त्या आवाजात मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

नाना शांतपणे म्हणाले, "तांब्याला कळंक चढू द्यायचा नसतो. तुला माहीत नाही का?"

त्यांच्या जागी ते बरोबर होते. आपल्याकडे तांबं म्हणजे पाण्याचं, पूजेचं भांडं. हिरवं झालं की विषारी, ते घासायलाच हवं. पण त्या घोड्यातून कुणी पाणी पिणार नव्हतं. दीडशे वर्षांचा पाऊस, बर्फ आणि ऊन त्याच्या अंगावर लिहिलेलं होतं, ते पाऊण तासात निघून गेलं.

मग नानांनी मला जवळ बसवलं आणि घोड्यावर बोटाचं पेर वाजवलं. मागे वाजवलं तर टणटणीत. पुढे वाजवलं तर ठक्क. "मागचं घडीव आहे, पुढचं ओतीव. हे तांबं नाहीच, जस्त आहे. चिंच लावली तर लाल होईना, नुसतं पांढुरकं झालं." पोटाच्या मधोमध, ओतीव आणि घडीव जिथे भेटतात तो सांधा त्यांनी माझं बोट धरून मला दाखवला. मी वर्षभर घोडा रोज पाहत होते, तो सांधा मला दिसला नव्हता.

पुढचं अर्धं जस्ताचं ओतीव आणि मागचं अर्धं तांब्याच्या पत्र्याचं, ही मॅसॅच्युसेट्समधल्याच वेस्ट ब्रिजवॉटरच्या जे. हॉवर्ड या कारखानदाराच्या घोड्यांची खूण. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचं काम. एका जाणकाराला दाखवला. तो म्हणाला, शिक्का नाही, पण हॉवर्डचाच वाटतो. न घासता आणला असता तर तुम्ही दिले त्याच्या तिप्पट-चौपट आले असते, आता दिलेले परत आले तरी पुष्कळ.

माझा थोरला भाऊ आजही म्हणतो, नानांनी घासला म्हणून तर तुला तो हॉवर्डचा आहे हे कळलं. दादा, नाही. नानांनी नुसता वाजवून पाहिला असता तरी कळलं असतं. ओळख कानाने झाली, चिंचेने नाही. नानांना मी जे बोलले ते चुकलंच, त्याची माफी मी त्याच रात्री मागितली. पण घासायला नको होतं, हे माझं म्हणणं मी मागे घेणार नाही.

आता सुरुवात कशी करायची. कुशिंग, हॉवर्ड, फिस्क ही कारखान्यांची नावं वाचून लगेच त्यांच्या मागे धावू नका. ऑक्टोबर 2006 मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात रेड इंडियन सरदाराच्या आकाराचा तांब्याचा एक वातकुक्कुट 58 लाख 40 हजार डॉलरला गेला. तेव्हापासून कोठारावरचा प्रत्येक कोंबडा आपल्याला लक्षाधीश करणार, असं मालकांना वाटतं. नवख्याने गावच्या लोहाराने लोखंडी पत्र्यातून कापलेले सपाट कोंबडे आणि मासे घ्यावेत. स्वस्त असतात, एकासारखा दुसरा नसतो, आणि माझ्या मते लोककला म्हणायला तेच जास्त पात्र आहेत.

तांब्याचा घ्यायचाच असेल तर दांडा ज्या नळीत फिरतो ती नळी आधी बघा. शंभर वर्षं फिरलेली नळी एका अंगाने झिजून लांबट होते. नकली मालावर रसायनाने हिरवा रंग दोन दिवसांत आणता येतो, नळीची ती झीज आणणं फार कठीण. वातकुक्कुट नेहमी वाऱ्याकडे तोंड करून असतो, म्हणून नाक आणि छाती जास्त झिजलेली हवी, वर्ख उरलाच तर आडोशाला. गोळीची भोकं मुद्दाम पाडणारेही आहेत. भोकाची कड आतून बाहेरच्याच रंगाची आहे का, ते बघा. आणि जुने साचे अजून टिकून आहेत, त्यांतून नवा माल निघालेला आहे. तेव्हा "आकार हुबेहूब कुशिंगचा आहे" हा पुरावा मानू नका.

दादाचं आणखी एक म्हणणं असतं: हा कारखान्याचा माल, छापील यादीतून विकलेला, याला कसली लोककला म्हणता? प्रश्न रास्त आहे. बनवणाऱ्यांनी स्वतःला कलावंत म्हटलं नव्हतं. 1930 च्या सुमारास इथल्या संग्रहालयांनी या वस्तू छपरावरून उतरवून भिंतीशी मांडल्या. 1932 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने लोककलेचं प्रदर्शन भरवलं, त्यातही वातकुक्कुट होते. तोवर कित्येक भंगारात गेले होते. नाव कुणीतरी नंतर दिलं, पण पत्र्यावर पडलेला हातोडीचा घाव आधीचाच होता ना?

आणि हे मी दादालाच का ऐकवते? 2016 मध्ये, नाना गेल्यावर वर्षाच्या आत, त्याने घरातले हंडे, दोन घागरी आणि पाणी तापवायचा बंब मोडीत दिला. किलोच्या भावाने. बंबावर आजीचं नाव घातलेलं होतं आणि अंगभर नानांचं मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी. मला फोनवर सांगितलं ते पैसे हातात आल्यावर. जागा नव्हती, वाडा पाडायला निघाला होता, हे सगळं मला मान्य आहे. पण मला एकदा विचारलं असतं तर मी तो बंब बोटीने आणवला असता. म्हणून सांगते, तुमच्या घरी, गावी, माळ्यावर असं काही घडीव तांबं पडलेलं असेल तर अमेरिकेतला घोडा शोधण्याआधी ते खाली उतरवा आणि त्यावरचं नाव वाचा.

दोन गोष्टी राहिल्या. जुन्या डाखात आणि जुन्या रंगात शिसं असतं, घरात लहान मुलं असतील तर वस्तू हाताला लागेल अशी ठेवू नका आणि रंग खरवडू नका. आणि छपरांवरून हे चोरीला जातात. फॅन्युइल हॉलचा नाकतोडासुद्धा 1974 मध्ये नाहीसा झाला होता, सुदैवाने त्याच मनोऱ्यात लपवलेला सापडला. कुठल्या कोठारावरून उतरवला हे जो सांगू शकत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

घेण्याआधी कुणाचं मत हवं असेल तर इथे फोटो टाका, मी बघेन. तोंडाचा नसला तरी चालेल. पोटाखालचा सांधा आणि दांड्याची नळी मात्र उजेडात, जवळून काढा.