पगार पुरतो, मग काय पुरत नाही?

“ताई, याला नक्की काय कमी पडतंय ते तुम्हीच विचारा. पगार तर भरपूर आहे.”

आई खुर्चीत बसायच्या आधीच बोलून मोकळ्या झाल्या. मुलगा मागे उभा. वय एकोणतीस, विमान कंपनीत को-पायलट. नोकरीचा बेस मुंबई, घर इथे इंदूरला, सुदामानगरात. माझ्या समुपदेशनाच्या खोलीतला पंखा करकरतो; त्याची नजर सगळा वेळ त्या पंख्यावर. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला त्याची परवानगी आहे.)

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या वेषांत येतो. कधी नर्सच्या नवऱ्याकडून, कधी रात्रपाळीच्या आयटीवाल्याकडून. एवढं चांगलं चाललंय, तरी कामाबद्दल कुरकुर करायची म्हणजे माज नाही का? या मुलाने तर तो प्रश्न स्वतःलाच विचारून विचारून झिजवला होता. लहानपणी वडील त्याला बिजासनच्या टेकरीवर विमानं दाखवायला न्यायचे. पुढे त्याच वडिलांनी घर गहाण टाकून त्याला उडायला शिकवलं. परवान्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यानंतर ज्या विमानावर काम करायचं त्याचं प्रशिक्षण वेगळं. कर्ज अजून फिटलेलं नाही.

त्यातच कंपनीकडून नवं करारपत्र आलं होतं. पगाराच्या हमीचे तास कमी, वरच्या तासांना दर जास्त. म्हणजे जो जास्त उडेल तो जास्त कमावेल. सात दिवसांत ‘मान्य’वर बोट ठेवायचं. पायलटांच्या ग्रुपवर रात्रंदिवस तेच. सोडून जावं म्हटलं, तर २०१७च्या नियमानुसार को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस, कॅप्टनला वर्षाची. शिवाय प्रशिक्षणाचा बाँड, म्हणजे मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचे.

इथे मी चुकले. मला वाटलं, ही कराराची चिंता. रोज रात्री दहाला दिवे मंद करून श्वासाचा व्यायाम करायला सांगितला. तो अदबीने म्हणाला, “काकू, रात्री दहाला मी कधी रांचीत असतो, कधी झोपेत, कधी धावपट्टीवर नंबर लावून उभा.” मी वही मिटली.

मग आईंना कामाला लावलं. तो कुठेही असो, त्याने त्यांना दोनच मेसेज करायचे: ‘झोपलो’ आणि ‘उठलो’. त्या ते कालनिर्णयवर मांडायच्या, जिथे दुधाचा हिशेब असतो त्याच चौकोनात. तीन आठवड्यांनी ते पान काढून आणलं. दुधाचे ‘१ लि.’ निळ्या पेनने, मुलाची झोप लाल. एकवीस रात्रींपैकी सलग सहा तासांची झोप फक्त सात रात्री. एका दिवशी पहाटे तीनला उठलेला, त्यानंतर दोनच दिवसांनी पहाटे तीनला झोपलेला. आई त्या चौकोनावर बोट ठेवून गप्प बसल्या. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मुलाचं रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, वाचलं.

आकडे इथे फसवतात, म्हणून जरा थांबते. उड्डाणाचे तास वर्षाला १००० च्या वर नेता येत नाहीत. त्याच्या चुलतभावाने भागाकार करून दाखवला होता: आठवड्याला वीससुद्धा नाहीत! पण हे तास विमान उड्डाणासाठी जागचं हललं की सुरू होतात आणि थांबलं की संपतात. त्याआधीचं रिपोर्टिंग, दोन उड्डाणांच्या मधलं ताटकळणं, हॉटेलची गाडी, स्टँडबायवर, म्हणजे बोलावलं तर निघायच्या तयारीत, फोन उशाशी ठेवून पडणं यातलं काहीच त्यात नाही. शिवाय मध्यरात्री दोन ते सहा या वेळात शरीर झोप मागतंच. तेव्हाचा एक तास आणि सकाळी अकराचा एक तास एका तराजूत बसत नाहीत.

हे सरकारलाही कळतं. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांच्या ड्यूटीचे नवे नियम काढले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८, रात्रीची व्याख्या बारा ते सहा, रात्रीची लँडिंग्ज सहावरून दोन. कंपन्यांनी मुदत मागितली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी जुलै व नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. डिसेंबरात या नियमांपुढे वैमानिक कमी पडून देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली आणि काही नियम तात्पुरते सैल करावे लागले. त्या आठवड्यात शेजारच्या काकांनी याला जिन्यात गाठून विचारलं, “काय रे, आता झोपा काढायलाही सुट्टी का?” तो हसला. मग रात्रभर जागा.

चौथ्या भेटीत त्याने दाढीच्या किटमधून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आईच्या ॲलर्जीच्या गोळ्या. गुंगी येणाऱ्या. “फक्त सुट्टीच्या आदल्या रात्री,” म्हणाला. मी गोळ्यांबद्दल उपदेश केला नाही, पण सरळ सांगितलं: समुपदेशकाकडे येऊन झोपेबद्दल बोलणं वेगळं आणि गुंगीचं औषध लपवून कॉकपिटमध्ये बसणं वेगळं. त्या लपवण्याला माझ्या खोलीत जागा नाही. परवाना जाईल या धास्तीने अनेक वैमानिक डॉक्टरकडेच जात नाहीत, आणि ती धास्ती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण वैमानिकांची तपासणी करणारे डॉक्टर याच कामासाठी असतात. तो गेला. गोळ्या बंद झाल्या, काही दिवस ड्यूटी नाही, मग पुन्हा रुजू.

त्याच भेटीत त्याने मंगळूरच्या विमान अपघाताचा विषय काढला. मे २०१०, १५८ माणसं गेली. कॅप्टन बराच वेळ झोपलेले होते, कॉकपिटच्या रेकॉर्डरवर घोरणं ऐकू येतं. को-पायलटने पुन्हा वर जाऊ या असं सांगितलं होतं, तरी विमान उतरवलं गेलं. “काकू, मी बोलेन का तेव्हा? की कॅप्टनना राग येईल म्हणून गप्प बसेन?” इतके दिवस पंख्याकडे बघत तो हेच गिळत होता. करार नंतरचा.

कराराचं उत्तर घरातूनच आलं, आजोबांकडून. ते इथल्याच एका कापड मिलमध्ये होते. हुकुमचंद मिल १९९२ च्या सुमारास बंद पडली आणि कामगारांचे २२४ कोटी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला, हे इंदूरकरांना सांगायला नको. आजोबांची मिल दुसरी, वाट पाहणं तेच. ते म्हणाले, “भोंगा झाला की आमची पाळी सुटायची. तुझा भोंगा कोण वाजवतं ते आधी विचार. आणि जे सांगतील ते कागदावर घे.” वडिलांना हे आवडलं नाही. पायलटला मिलवाल्याशी तोलायचं म्हणजे काय! (दिल्ली उच्च न्यायालयाने वैमानिकांना ‘कामगार’ मानलं आहे, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं. ते रुसलेच.)

त्याने एकट्याने भांडायचं नाही असं ठरवलं. चार-पाच सहकाऱ्यांसह मुदत वाढवून मागितली, ती मिळाली. मागण्या पैशांच्या नव्हत्या, एवढं मला आवडलं: पहाटेच्या ड्यूट्यांना लागून रात्रीची ड्यूटी नको, आणि महिन्यातून दोनदा सुट्ट्या जोडून, म्हणजे इंदूरला येऊन झोपता येईल. दुसरी लेखी मिळाली. पहिलीवर ‘शक्य तेव्हा’ असा शेरा. त्याने सही केली. मी केली असती का, ठाऊक नाही. दरम्यान एकदा त्याने थकल्याचा रिपोर्ट भरून ड्यूटी नाकारली. हात थरथरत होते, म्हणाला.

परवा आईंचा फोन आला, दबक्या आवाजात. सकाळचे अकरा वाजलेले. तो आदल्या रात्री उशिरा आला होता, अजून उठला नव्हता. “ताई, कुकर लावलाय. शिटी होईल म्हणून चमच्याने उचलून धरलीय. ठेवते.”