'लाय' की 'ले'? आधी 'ने' लावून पाहा

प्रश्न : 'आजी दुपारी पलंगावर आडवी झाली' याचं इंग्रजी मुलीने 'ग्रँडमदर लेड ऑन द बेड' असं लिहिलं. शिक्षकांनी 'लेड' खोडून 'ले' केलं. 'ले' तर वर्तमानकाळ ना? आणि 'कोंबडीने अंडं घातलं' याला मात्र 'लेड' कसं चालतं?

उत्तर : शिक्षकांचं बरोबर आहे. घोळ इंग्रजीनेच घालून ठेवलाय. 'लाय' म्हणजे आडवं होणं, पडून असणं. त्याची रूपं लाय, ले, लेन. 'ले' म्हणजे ठेवणं, घालणं, अंथरणं. त्याची रूपं ले, लेड, लेड. पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळ दिसायला एकच, म्हणून भलेभले चुकतात. अमेरिकेत 'आडवा होतो' याला 'ले डाउन' म्हणणारे पुष्कळ भेटतील. बोलताना खपतं, पेपरात गुण जातात.

मराठी माणसाच्या हाताशी मात्र एक सोपी खूण आहे. वाक्य मराठीत भूतकाळात म्हणा. कर्त्याला 'ने' किंवा 'नी' लागला, तर 'लेड'. नाही लागला, तर 'ले'. आजी आडवी झाली : 'ले'. कोंबडीने अंडं घातलं : 'लेड'. गवंड्याने फरशी घातली, मंत्र्यांनी कोनशिला बसवली : दोन्हीकडे 'लेड'. कर्ता 'मी' किंवा 'तू' असेल तर 'ने' दिसत नाही. तिथे 'तो' किंवा 'ती' घालून बघा. 'मी सतरंजी अंथरली'चं 'तिने सतरंजी अंथरली' होतं, म्हणजे 'लेड'. वाक्य वर्तमानकाळी असेल तरी कसोटी भूतकाळातच लावायची, मग रूप निवडायचं : 'ने' आला तर 'ले', नाही आला तर 'लाय'.

हीच खूण 'राइझ' आणि 'रेझ'लाही चालते. कांद्याचे भाव वाढले : 'रोझ'. व्यापाऱ्यांनी भाव वाढवले : 'रेझ्ड'. सगळ्याच क्रियापदांवर मात्र ती चालवू नका. 'तो धडा विसरला' यात कर्म असूनही 'ने' नाही.

आपली मुलं आणखी एका ठिकाणी अडखळतात. 'पुस्तक टेबलावर पडलंय' आणि 'पुस्तक टेबलावरून पडलं' या दोन्हींत आपलं 'पडणं' एकच. इंग्रजीत पहिलं 'इज लाइंग ऑन द टेबल', दुसरं 'फेल ऑफ द टेबल'. पहिल्याला 'हॅज फॉलन' लिहिलं, तर पुस्तक वरून कुठून तरी टेबलावर येऊन आदळलं असा अर्थ होतो.

'लेन' पेपराबाहेर क्वचितच ऐकू येतं. स्पेलिंगमध्ये 'लाय'ला 'आयएनजी' जोडताना 'आय-ई' जाऊन 'वाय' येतो. 'लेड'चं स्पेलिंग एल-ए-आय-डी. 'ले'ला नुसता 'ईडी' चिकटवू नका. खोटं बोलण्याचा 'लाय' तिसराच, त्याचा भूतकाळ 'लाइड'. आजीला 'लाइड ऑन द बेड' लिहिलं, तर ती पलंगावर बसून थापा मारत होती!

मुळात 'ले' हे 'लाय'चं प्रयोजक रूप, आपल्या 'पडणे-पाडणे'सारखं. इंग्रजीत अशा मोजक्याच जोड्या उरल्या आहेत. झाड पडलं : 'द ट्री फेल'. त्यांनी झाड पाडलं : 'दे फेल्ड द ट्री'. इथेही पाडण्याचं मूळ रूप 'फेल', आणि पडण्याचा भूतकाळही 'फेल'.