78 वर्षांच्या वडिलांसाठी घरी बाई ठेवावी की वृद्धाश्रम पाहावा? यात नेमके प्रकार कोणते?

तुमचे वडील सांगलीत एकटे, तुम्ही बंगळुरूला. ते हिंडतेफिरते आहेत, पण गॅस बंद करायला दोनदा विसरले. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "लोक म्हणतील, बापाला वृद्धाश्रमात टाकलं." त्या 'टाकलं'मुळे लिहायला बसले.

2018च्या जूनमध्ये माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, नाकात नळी, लघवीची पिशवी. हॉस्पिटलमधून सोडताना दादाचा परदेशातून फोन आला, आई घरीच राहील, पैसे मी पाठवतो. पैसे त्याने वेळेवर पाठवले, हे खरं आहे. सदाशिव पेठेत दुसरा मजला, लिफ्ट नाही, नोकरी सांभाळून मी एकटी. चार महिन्यांत, पेशंट सांभाळायला बायका पाठवणाऱ्या ब्युरोच्या सहा मावश्या झाल्या. एक गावी गेली ती आलीच नाही. एकीला नळीतून भरवता येत नव्हतं, आणि ब्युरोवाल्यांनी पाठवताना तिला 'सिस्टर' म्हटलं होतं. शेवटच्या मावशी सोन्यासारख्या होत्या. आईची वेणी घालायच्या, तिला अभंग म्हणून दाखवायच्या. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. आईचं वजन 70 किलोच्या आसपास. दिवसभर राबलेली एक बाई ते रात्री चार वेळा कसं करणार? हवेची गादी आणली होती, तरी माकडहाडाशी बेडसोर झाला आणि महिन्याभरात मूठभर खोल गेला. मी दादाला फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, "असले फोटो पाठवू नकोस, मला बघवत नाही."

ऑक्टोबरात मी त्याला न विचारता आईला शुश्रूषा केंद्रात, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांना ठेवून सांभाळतात तिथे, हलवलं. तिथे तीन पाळ्यांत माणसं होती, कूस बदलायला दोघं, रोज ड्रेसिंग. जखम भरायला तीन महिने लागले. मी रोज संध्याकाळी ऑफिसातून तिथे जायचे, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा नुसती तिचा हात धरून बसायचे. डिसेंबरात दादा आला, नात्यातल्या मावशी-काकांसमोर म्हणाला, "आईला टाकलंस तू." पुढच्या ऑगस्टात आई गेली. ते वाक्य अजून आमच्यात तसंच पडून आहे.

आता तुमचं. तुमच्या वडिलांना शुश्रूषा केंद्राची गरज नाही, लगेच वृद्धाश्रमाचीही नसावी. विसरण्याचं आधी डॉक्टरांकडून पाहून घ्या. बी-12 कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी माणूस विसरतो, आणि त्यावर औषध आहे. स्मृतिभ्रंश निघाला तर जागाही त्यासाठीचीच लागते, जिथे पेशंट नकळत बाहेर निघून जाणार नाही. तोवर स्वयंपाकाला बाई, दिवसभर सोबतीला कुणीतरी आणि गॅसऐवजी इंडक्शन. संध्याकाळी ज्येष्ठ मंडळी गप्पांना जमतात त्या विरंगुळा केंद्रात जात असतील तर ते मोडू नका.

पुण्यात अथश्रीसारखी ज्येष्ठांसाठीची संकुलं आहेत. ती स्वतःचं स्वतः करणाऱ्यांसाठी. आपलं घर, आपलं दार, मदत हाकेच्या अंतरावर. वृद्धाश्रमांतही पुष्कळ ठिकाणी हिंडताफिरता माणूसच घेतात, म्हणून पहिल्याच भेटीत विचारा की हे अंथरुणाला खिळले तर ठेवणार की घेऊन जा म्हणणार. रात्री किती पेशंटमागे किती माणसं असतात, तेही. मालकाच्या केबिनमध्ये बसून हे कळत नाही. रात्री आठनंतर न सांगता जाऊन बघा. आणि वडिलांना सोबत न्या, त्यांच्या पाठीमागे जागा ठरवू नका.

पैशांचं आधीच धरून चाला. मेडिक्लेम हॉस्पिटलातल्या उपचारांचे पैसे देतो, मावशीचे किंवा केंद्राचे सहसा देत नाही. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्डसुद्धा हॉस्पिटलपुरतंच.

आमच्याकडे बाबांची पेन्शन होती आणि दादाचे पैसे होते, म्हणून माझी निवड मला करता आली. ज्यांच्याकडे ते नाही त्यांना 'केंद्रात ठेवा' सांगणं सोपं नाही, हे कळतं मला. सगळीच केंद्रं चांगली असतात असंही नाही. आईला हलवण्याआधी मी पाच पाहिली, तीन ठिकाणी आत पाऊल टाकताच वास आला. आणि घरात माणसं भरपूर असतील, पाळ्या लावून करत असतील, तर घरासारखं काही नाही. आमच्या घरात ती माणसं नव्हती.

दादा हे वाचेल असं वाटत नाही. वाचलंच, तर ते फोटो अजून माझ्याकडे आहेत. ऑक्टोबरचेही आणि जखम भरल्यावरचा जानेवारीचाही.