शेअर्ड शीट आहे, पण वापरतं कोण?

प्रश्न : आमची कापडाची घाऊक पेढी आहे. ऑर्डर, स्टॉक, डिस्पॅचसाठी गूगल शीट केली. नऊ जण वापरतात. तरी गोडाऊनमधून स्टॉकच्या वहीचा फोटोच व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, विक्रीवाले फाइल डाउनलोड करून स्वतःची वेगळी ठेवतात आणि कुणी सॉर्ट केलं की सगळ्यांच्या ओळी हलतात. सक्ती करावी का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सक्ती फार दिवस टिकत नाही. भरायचं काम एकाकडे आणि फायदा दुसऱ्याला, अशी वाटणी झाली की सामाईक सॉफ्टवेअर बारगळतं, हे संगणक-संशोधक जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्येच मांडलं होतं. तुमच्याकडे नोंद गोडाऊनवाल्याने करायची आणि आकडे तुम्ही बघायचे. त्याच्या हाती काय पडतं? उद्या कोणत्या गाडीत कोणत्या पार्टीचे किती तागे चढवायचे, ती यादी त्याच शीटच्या वेगळ्या टॅबवर द्या. मोबाइलवर भरायचे रकाने चारच ठेवा : तारीख, क्वालिटी (म्हणजे कापडाचा प्रकार), तागे, पार्टी. क्वालिटीला ड्रॉपडाउन, म्हणजे तयार यादीतून निवडायची सोय, लावाच. नाहीतर एकच माल तीन स्पेलिंगने लिहिला जातो आणि बेरीज चुकते.

सॉर्टचा घोळ जास्त धोक्याचा. साधा फिल्टर किंवा सॉर्ट सगळ्यांनाच दिसतो. त्यात कुणी पार्टीचा एकटा रकाना निवडून सॉर्ट केला, तर नावं हलतात, तागे जागेवरच राहतात. ज्याला आपल्यापुरतं बघायचंय त्याने डेटा मेनूतून ‘फिल्टर व्ह्यू’ करावा. शीर्षकाची ओळ आणि सूत्रांचे रकाने ‘प्रोटेक्ट’ करून एकाच माणसाच्या ताब्यात द्या. बिघडलंच तर व्हर्जन हिस्टरी, म्हणजे शीटच्या जुन्या आवृत्त्यांची यादी, आहे, पण जुनी आवृत्ती थेट ‘रिस्टोअर’ करू नका. त्यानंतर इतरांनी केलेल्या नोंदीही शीटवरून जातात. जुनी आवृत्ती उघडून लागतील तेवढेच आकडे कॉपी करा.

विक्रीवाले फाइल उतरवतात ती बहुधा बाजारात रेंज नसते म्हणून. त्यांच्या फोनवरच्या शीट्स अ‍ॅपमध्ये ही फाइल ऑफलाइन उपलब्ध करून द्या. मात्र प्रत्येकाने ऑर्डर स्वतःच्याच टॅबवर लिहावी. दोघांनी ऑफलाइन असताना एकच चौकट बदलली, तर एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीखाली गडप होते.

व्हॉट्सअ‍ॅप बंद करायची गरज नाही. बोलणं तिथे होऊ द्या, पण माल हलेल तो शीटवर ओळ असेल तरच.