आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या

प्रश्न : जर्मनीत मुलाकडे असताना लूथरन चर्चमध्ये हिरव्या चक्रावर चार मेणबत्त्या पाहिल्या. यंदा घरी करायचं आहे. रंग कोणते? पहिली मेणबत्ती लवकर संपते, ती बदलायची का?

उत्तर : बदलू नका. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात, दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत नेतात; म्हणून पहिली चार रविवार पेटते, चौथी एकदाच. नाताळाआधीच्या रविवारी दिसणारी ती उतरती रांग हीच तर गंमत! फक्त घेताना जाड, किमान सात-आठ तास जळणाऱ्या घ्या.

ही प्रथा हॅम्बुर्गची. योहान हिन्रिख विखर्न या लूथरन पाळकांनी १८३९ मध्ये आपल्या आश्रमातल्या मुलांना नाताळाचे दिवस मोजता यावेत म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या : रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या छोट्या लाल. आता चारच उरल्या. रंगांचा एकच नियम नाही. जर्मन घरांत लाल सर्रास दिसतात. काही मंडळ्या जांभळ्या लावून तिसऱ्या रविवारी गुलाबी पेटवतात, काही निळ्या.

पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. नाताळापासून मागे चार रविवार मोजा. २५ तारखेलाच रविवार असेल तर तो धरू नका.

आपल्याकडे खरी अडचण पंख्याची. वाऱ्याने मेण एका बाजूने ओघळतं, मेणबत्ती कलते. पेटवताना पंखा बंद. सुरूच्या फांद्या वापरल्यात तर त्या लवकर वाळतात आणि भपकन पेट घेतात. दर शनिवारी ताज्या लावा आणि प्रत्येक मेणबत्तीखाली धातूची वाटी ठेवा.