उपग्रहाचे इतके स्पष्ट फोटो मिळत असताना सैन्याला नकाशे आणि भूप्रदेशाचं विश्लेषण कशाला लागतं?

लागतं, आणि पुढे जास्तच लागणार आहे. मी लष्करात नाही, बेलापूरला जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती जोडण्याचं, काम करते. पण ठाण्यात राहून तुम्ही हेच शिकताय, म्हणून इथलंच उदाहरण देते.

ऐरोलीच्या पुलावरून खाडीकडे बघा. २०१९ साली सोडलेल्या कार्टोसॅट-३ या भारतीय उपग्रहाची नजर २५ सेंटिमीटरपर्यंत पोचते, तरी त्याच्या फोटोत कांदळवन म्हणजे नुसता हिरवा सपाट पट्टा. रडारने मोजलेल्या उंचीच्या मॉडेलमध्ये (जागोजागची उंची देणाऱ्या डिजिटल नकाशात) तर तो भोवतालच्या चिखलापेक्षा उंच दिसतो, कारण बहुतेक रडारलहरी पानाफांद्यांवरूनच परततात. प्रत्यक्षात खाली पाय रुतवणारा गाळ, आणि भरती आली की तोही पाण्यात. गाडीचं वजन किती, चाकं की पट्टे, माती कुठली, पाऊस झालाय का, ओहोटी कधी, हे सगळं जुळवल्यावरच ‘इथून जाता येईल’ असं छातीठोकपणे सांगता येतं. लष्करी भाषेत अशा नकाशाला गोइंग मॅप म्हणतात. तो चुकला तर रणगाडा रुततो आणि आतली माणसं अडकतात.

दुसरा प्रश्न ताजेपणाचा. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली. एसआरटीएम हे फुकट मिळणारं उंचीचं मॉडेल फेब्रुवारी २००० मधलं आहे; त्यात ती टेकडी अजून उभी आहे! त्यावर ‘इथून पलीकडचं दिसेल का’ हे गणित मांडलं तर उत्तर साफ चुकणार.

म्हणून आधुनिकीकरण म्हणजे १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे उंचसखलपणा दाखवणारा कागदी नकाशा, स्क्रीनवर आणणं एवढंच नव्हे. ड्रोन आणि लायडारने (लेझरने उंची मोजणाऱ्या यंत्राने) मोजलेला बदल त्याच दिवशी सगळ्यांच्या नकाशावर दिसला पाहिजे. शिवाय तोफखाना, ड्रोन आणि पायदळ यांचा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया, एकच हवा. जुन्या शीट एव्हरेस्ट डेटमवर, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर. अक्षांश-रेखांशाचे आकडे तेच, पण जमिनीवरची जागा वेगळी. तोफेच्या बाबतीत हा फरक जिवावर बेततो.

डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने २०२० मध्ये हिमस्खलनाची आणि भूप्रदेशाची प्रयोगशाळा एकत्र करून चंदीगडला एक संस्था केली, तिचं काम जरूर बघा. आणि क्यूजीआयएस या मोफत जीआयएस सॉफ्टवेअरमध्ये उलव्याचा २००० सालचा उंचीचा छेद काढून आजच्या फोटोवर ठेवा.